जागा करून दिलेली उपदाढ

मी एक उपदाढ बोलतेय. ऐकून तुम्हाला फारसं काही वाटणार नाही, ठाऊक आहे मला. पटाशीच्या दातांना हसण्यातला पहिला मान, सुळ्यांना त्यांचा रुबाब, अक्कलदाढेला निदान अक्कल तरी असते म्हणतात. आम्ही उपदाढा मधल्या. धड फाडणाऱ्या नाही, धड दळणाऱ्या नाही. भरल्या घरात मधल्या मुलीचं जे होतं तेच आमचं. कामाला पुढे, कौतुकाला मागे.

आता मी कुणाच्याच तोंडात नाही. कागदाएवढा पातळ माझा एक काप दोन काचांच्या मध्ये चिकटवून ठेवला आहे, आणि तो एका प्रयोगशाळेच्या खणात असतो. पण गोष्ट तोंडापासून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगते.

मी घडले एका मुलीच्या जबड्यात, तिच्या दुधाच्या दाढेच्या मुळांपाशी, अंधारात. ती तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. माझ्यावरचं पांढरं कवच थरावर थर चढवत विणलं गेलं. त्याला इनॅमल म्हणतात. ज्या पेशींनी ते विणलं त्या काम संपल्यावर निघून गेल्या, कायमच्या. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते. आमचं कवच एकदाच मिळतं. सांभाळलं तर आयुष्यभराचं, नाहीतर गेलं.

पुढे दुधाची दाढ हलायला लागली, पडली, आणि मी बाहेर आले. पहिली ओळख झाली ती जिभेशी. नवीन पाहुण्याकडे शेजारीण डोकावते तशी ती सारखी यायची. दिवसभर मला चाचपून बघायची. मग लाळ आली, कोमट, आणि तिने मला जे पंखाखाली घेतलं ते सोडलंच नाही. तुम्ही लाळेला नावं ठेवता. आमच्यासाठी ती आई आहे. मुलीने गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करायचे, आणि ते आम्ल माझ्या अंगातले बारीक क्षार ओढून न्यायचं. लाळ आम्ल धुऊन काढायची आणि गेलेलं थोडं थोडं परत आणून भरायची. रोज जायचं, रोज यायचं. कुणाला पत्ताही नसायचा.

त्या मुलीला घरात सगळे बडबडी म्हणायचे. नाव सार्थ होतं. झोपेतसुद्धा बोलायची. तिचा आवाज बाहेरच्यांना कानातून ऐकू जायचा, मला हाडातून. जबड्यातून येणारा तो आवाज जास्त जाड, जास्त उबदार असतो. ती हसायच्या आधी आत एक बारीकशी थरथर व्हायची, त्यामुळे ती हसणार हे तिच्याही आधी मला कळायचं.

"किती दात काढतेस ग," तिची आई म्हणायची. "जेवताना तरी गप्प बस."

पुढे दात खरेच काढायची वेळ आली.

झालं असं की बडबडीचा जबडा लहान आणि आम्ही मोठ्या. माझ्या शेजारचा सुळा उशिरा उगवला. तोवर जागा संपली होती. बिचारा हिरडीतून वरच्या बाजूनेच बाहेर पडला, आमच्या डोक्यावर चढून बसल्यासारखा. शाळेत कुणीतरी तिला डबलडेकर म्हणालं. एकाने म्हटलं की सगळे म्हणतात. ती थरथर हळूहळू कमी झाली. कधी आलीच तर पाठोपाठ तोंडापुढे हात यायचा आणि माझ्यावर अंधार पडायचा. मग ती बोलायचीही कमी. आई विचारायची, "आज काय झालं शाळेत?" आणि आतून एकच शब्द निघायचा, "काही नाही."

एक दिवस आई तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आरशाची बारीक काडी आत फिरवली, माझ्यावर टकटक केली आणि म्हणाले, "तारा लावाव्या लागतील. पण आधी जागा करायला हवी. या उपदाढा काढू."

"कीड लागली आहे का त्यांना?" आईने विचारलं.

"नाही हो. अगदी ठणठणीत आहेत."

"मग ठणठणीत दात काढायचा कशाला?"

"जागाच नाही ताई. कुणाला तरी उठावं लागेल."

आईने वाकून बडबडीच्या तोंडात पाहिलं. तिला ते पटत नव्हतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी ती बाई मला सगळ्यात जवळची वाटली. पण बडबडी खुर्चीतून म्हणाली, "काढा. मला चालेल."

आईने विचारलं, "नक्की?"

"आई, मला हसायचंय ग," ती म्हणाली.

आईने होकार दिला. मीसुद्धा मुळापासून पकड ढिली केली असती, पण दाताला ते जमत नाही.

सुईने तो भाग बधिर केला होता, त्यामुळे तिला फार कळलं नाही. चिमटा आला, डावीकडे उजवीकडे हललं, आणि मी उजेडात होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरी न्यायचेत का? नाहीतर डेंटल कॉलेजला देतो. तिथे संशोधनाला निरोगी दात मिळत नाहीत."

आई म्हणाली, "द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडू देत."

"थांबा, मला बघू दे आधी," बडबडी म्हणाली. तोंडात बोळा होता, त्यामुळे अर्धंच ऐकू आलं. तिने मला तळहातावर घेतलं. इतकी वर्षं एकत्र काढली, पण तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नाकावर घाम होता. डोळे मोठे होते.

"एवढा लांब होता हा?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "याला दुखलं असेल का?"

"तुला दुखलं नाही ना? मग त्यालाही नाही," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं.

पुढे मला औषधाच्या पाण्याच्या बाटलीत टाकलं. आत आणखी दात होते, वेगवेगळ्या तोंडांतून आलेले. एस.टी. स्टँडवर गाडी चुकलेली माणसं बसतात तसे सगळे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाचं मन आपापल्या तोंडात अडकलेलं. पाणी गार होतं. मी जिभेची वाट पाहायचे. येणार नाही हे कळत होतं, तरी पाहायचे. माझी जागा आता भरली असेल, सुळा खाली आला असेल, या विचाराने बरंही वाटायचं आणि वाईटही. आणि सगळ्यात जास्त आठवायचा तो आवाज. आता सगळे आवाज बाहेरून येत होते, काचेतून आणि पाण्यातून. आतून येणारा एकही नव्हता.

बाटली उघडली ती मॅडमनी. मॅडम त्या कॉलेजात दातांवर संशोधन करायच्या. केस घाईत बांधलेले, चष्मा कायम कपाळावर, आणि चष्मा कुठे आहे हा प्रश्न कायम ओठांवर. त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी एक खुर्ची होती आणि दुपारी तिच्यावर त्यांचे वडील येऊन बसायचे. मॅडम त्यांना बाबा म्हणायच्या. तपासणीसाठी बाबांना जवळच्या इस्पितळात यावं लागायचं, आणि तिथून ते सरळ इकडे येत. हातात पाण्याची बाटली. दर दोन वाक्यांनी एक घोट.

बाबा नाटकमंडळीत होते. नट नव्हेत. पडद्याआड पुस्तक घेऊन बसायचं आणि नट अडखळला की त्याला पुढचा शब्द हळूच सांगायचा, हे त्यांचं काम. "जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले," ते सांगायचे, "आणि एकानेही कधी तक्रार केली नाही."

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले. गाठ गेली, पण लाळेच्या ग्रंथीही त्याच वाटेवर होत्या. त्या करपल्या. लाळ आटली आणि दात उघडे पडले. पोरकेच म्हणा. वरचे पुढचे दात हिरडीच्या कडेने किडत गेले आणि एकेक करून मोडले. दात नसले की त, द, स ही अक्षरं तोंडात उभी राहत नाहीत, घसरतात. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना नेमका शब्द पुरवला त्याचं "साखर" ऐकून दुकानदार "काय हवंय?" विचारायचा. मग बाबा बोट दाखवायचे.

खालचे दात अजून शाबूत होते. मॅडमचा सगळा जीव त्या खालच्या दातांत होता.

"साचा लावला का सकाळी?" त्या विचारायच्या.

दातांच्या मापाचा एक रबरी साचा बाबांना करून दिला होता. त्यात फ्लोराइडची जेल भरायची आणि रोज थोडा वेळ दातांवर धरून ठेवायची. कवचातून जे क्षार निघून जातात ते फ्लोराइड थोपवून धरतं, आणि गेलेले पुन्हा बसायला मदत करतं.

"लावला की," बाबा म्हणायचे.

"ट्यूब तशीच्या तशी आहे, बाबा."

"मी काटकसरीने वापरतो."

मॅडमना हसू यायचं, पण त्या हसायच्या नाहीत. एकदा त्या हातातलं काम बाजूला ठेवून त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "का नाही लावत? खरं सांगा."

बाबांनी घोट घेतला. "उमासे येतात ग. तोंडात लाळ नाही, वर ती जेल. आणि कशासाठी? वरचे गेले, खालचे जाणार. पडायचं ते पडतंच. पडदासुद्धा."

"पडदा पाडायची घाई काय आहे?"

"मग तू तुझा तो लेझर मार की माझ्यावर. तोच प्रयोग करतेस ना? फ्लोराइड लावून वर लेझर?"

"तो तोंडाबाहेर काढलेल्या दातांवर करतेय मी. जिवंत दाताच्या आत नस असते. किती उष्णता तिला सोसेल हे नीट पाहायचंय अजून. मग परवानगी, मग माणसांवर. वर्षं जातील."

"मला घाई आहे."

"मला नाही का?" मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग बाबा म्हणाले, "चष्मा कपाळावर आहे." मॅडमनी तो शोधायला सुरुवातही केली नव्हती.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला बाटलीतून उचललं. ब्रशने घासलं, निरखलं. "किती सुंदर आहे," त्या म्हणाल्या. इतकं कौतुक मला कुणी केलं नव्हतं. पण कौतुकाचा अर्थ लगेच कळला. पाण्याची धार सोडून एक पातळ फिरती चकती माझ्यातून गेली. मूळ वेगळं झालं आणि वरच्या भागाचे चार तुकडे झाले. एकाला काहीच लावायचं नव्हतं. एकाला नुसतं फ्लोराइड, एकाला नुसता लेझर. आणि एकाला दोन्ही.

मी जी तुमच्याशी बोलतेय, ती त्या शेवटच्या तुकड्यातली. बोलणारी मी त्यातच का उरले, मला सांगता येणार नाही. आधी जेल लावली. मग लेझर आला. त्याला प्रकाश म्हणतात, पण उन्हाशी त्याचं नातं दिसत नाही. ऊन सैलसर पसरतं. हा एका जागी येऊन थांबतो. क्षणभर पृष्ठभाग तापला, आणि माझे अगदी वरचे कण जणू एकमेकांना घट्ट बिलगले, मध्ये फ्लोराइडला धरून. मोठ्या वादळाआधी घरातली माणसं एका खोलीत येतात तसे.

वादळ आलंच. चारही तुकड्यांवर लाखेसारखा लेप देऊन एक छोटी खिडकी मोकळी ठेवली, आणि आम्हाला वेगवेगळ्या कुप्यांत आम्लात बुडवलं. तोंडात जे वर्षानुवर्षं होतं ते इथे काही दिवसांत व्हायचं होतं. आणि इथे लाळ नव्हती. गेलेलं परत आणून देणारं कुणी नव्हतं. तेव्हा मला बाबांचं तोंड कळलं. असंच असणार ते. आई नसलेलं घर.

शेजारच्या कुपीत काही न लावलेला तुकडा होता. तो विरघळत होता. मला ते आतून जाणवत होतं, कारण तो परका नव्हता, तोही मीच होते. बडबडीने एकदा दात न घासता झोपून जायचा हट्ट केला होता आणि आईने तिला अंथरुणातून उठवून उभं केलं होतं. त्या हट्टी पोरीच्या आईची मला त्या कुपीत फार आठवण आली.

दिवस भरले. मॅडमनी चारही तुकड्यांचे पातळ काप काढून काचांमध्ये बसवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहिले. मोजमापं घेतली, पुन्हा घेतली. मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "बाबा, जरा इकडे या."

बाबा वाकले. एक डोळा मिटून बघायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी तळहाताने एक डोळा झाकला.

"हा काहीच न लावलेला," मॅडम म्हणाल्या. "ही काळपट पोकळी दिसते? तिथलं कवच गेलं. आत पोखरलंय."

"हं."

"आता हा. लेझर आणि फ्लोराइड दोन्ही."

मग बाबांनी मला पाहिलं. माझ्या कडेला अगदी बारीकशी छाया होती, एवढंच.

"हा दुसऱ्याचा दात आहे," बाबा म्हणाले.

"नाही. एकाच दाताचे तुकडे आहेत."

बाबा पुन्हा पहिल्याकडे गेले, पुन्हा माझ्याकडे आले. "म्हणजे लेझरच हवा तर."

"थांबा, अजून एक बघा." त्यांनी तिसरी काच सरकवली. "हा नुसत्या फ्लोराइडचा. लेझर नाही. तुमच्या घरी पडून आहे ती जेल. पोकळी आहे, पण किती कमी बघा. या दाताकडे बघून मी तुम्हाला लेझर देऊ शकत नाही, बाबा. पण हे देऊ शकते. आज."

बाबांनी बराच वेळ मान वर केली नाही. त्यांच्या कोरड्या तोंडात जीभ हलल्याचा चिकट आवाज आला. ती खालच्या दातांवरून फिरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला तो आवाज ओळखीचा वाटला आणि नाहीही.

"कुणाचा ग हा दात?" त्यांनी विचारलं.

"नाव नसतं आमच्याकडे. तारा लावायला काढलेला असणार. कुणीतरी लहान."

"पोराचा ठणठणीत दात," बाबा म्हणाले, "आणि मी ट्यूब उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा डबीत साचा होता. मॅडमच्या समोर बसून त्यांनी तो लावला. उमासे आले. डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी उठायची हालचाल केली तर हातानेच बस म्हणाले. वेळ संपल्यावर साचा काढला, थुंकले, आणि म्हणाले, "चव भयंकर आहे. संशोधन त्याच्यावर करा आधी."

ते मग रोजचंच झालं. कधी घरी, कधी इथे. उमासे कमी झाले, शिव्या वाढल्या. खालचे दात टिकले. वरती कवळी बसवली, आणि खालच्या खऱ्या दातांच्या आधाराने अक्षरं पुन्हा उभी राहू लागली. सगळी नाही. स शेवटपर्यंत थोडा निसरडाच राहिला. पण एका दुपारी ते खिडकीपाशी बसून एका जुन्या नाटकातला कुठला तरी प्रवेश पुटपुटत होते, दोन्ही पात्रांची वाक्यं स्वतःच, आणि मॅडम नळ बंद करून, हात ओले तसेच ठेवून ऐकत उभ्या होत्या.

त्यानंतर वर्षं गेली, मॅडम म्हणाल्या होत्या तशीच. आणखी दात आले, आणखी लेझर. जिवंत दाताला किती सोसतं ते हळूहळू ठरलं. खिडकीपाशी बाबांची खुर्ची आधी कधीकधी रिकामी राहू लागली, मग कायमची. गाठ परत आली नव्हती. वय झालं होतं. जाताना खालचे दात त्यांचे स्वतःचे होते, एवढं मॅडमनी फोनवर कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं. फोनवरच्या माणसाला ते विचित्र वाटलं असणार.

माणसांवर काम सुरू करायची परवानगी बाबांच्या पश्चात आली. सगळ्यांनी मॅडमचं अभिनंदन केलं. सगळे गेल्यावर त्या खणापाशी आल्या, मला काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मोजायचं काहीच नव्हतं. नुसत्या बघत राहिल्या. चष्मा कपाळावर होता, आणि तो तिथे आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

"कुणाची असशील ग तू?" त्या म्हणाल्या. "कळलं असतं तर जाऊन सांगितलं असतं त्या लेकराला."

तेव्हा मला बोलता आलं असतं तरी नाव सांगता आलं नसतं, तिचं खरं नाव मलाही कधी नीट ठाऊक नव्हतं. घर सांगितलं असतं. ती आता मोठी झाली असेल. सुळा रांगेत आला असेल. ती हसते का, हे मला कळलेलं नाही आणि कळणार नाही. ज्याच्यासाठी उठून गेले ते झालं की नाही हे न कळता दोन काचांमध्ये राहायचं, हे अवघड आहे. राहते.

मॅडमनी मला डबीत ठेवलं आणि दिवा मालवला. उद्या पहिला पेशंट येणार आहे. तो लाळ आटलेला एक माणूस आहे, बाबांसारखाच, दर दोन वाक्यांनी घोट घेणारा. त्याच्या दातांना माझा निरोप सांगावा असं फार वाटतं. पहिल्यांदा गरम लागेल, घाबरू नका. आणि तुम्ही अजून तोंडात आहात. आत तो बोलतोय तोवर नीट ऐकून घ्या.